प्लास्टर घट्ट होईपर्यंत

छातीच्या डॉक्टरांनी काकूंचा एक्स-रे दिव्यासमोर धरला, चष्मा वर केला, चष्मा खाली केला आणि विचारलं, "रोजच्या किती ओढता?"

"चौदा," काकू म्हणाल्या.

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या कवळीमास्तरांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. एकतीस वर्षांच्या संसारात या बाईनं सिगारेट हातात धरली असेल, तर ती फक्त गादीवर पडलेली उचलण्यासाठी.

"म्हणजे, ओढतात हे," काकूंनी खुलासा केला. "मी नुसती जवळ बसलेली असते."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर चौदा लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि मोर्चा मास्तरांकडे वळवला. "औषधं मी यांना देतो. पण दुखणं तुमच्या खिशात आहे. ते तिथंच राहिलं तर वर्षभरानं यांना जिना चढता येणार नाही. त्यानंतर खोलीतल्या खोलीतही चालवणार नाही." हे त्यांनी दवाखान्याच्या वेळा सांगाव्यात तशा आवाजात सांगितलं. मास्तरांचा हात नकळत खिशावर गेला. आत सात शिल्लक होत्या.

जिना उतरताना ते बायकोला म्हणाले, "चौदा नसतात. नऊ असतात."

"ॲशट्रे कोण धुतं?" काकूंनी विचारलं आणि दम खायला कठड्याला धरून थांबल्या. मास्तरही एक पायरी खाली थांबले. त्यांना लाज वाटली. आपण ओढतो किती हे आपल्याला ठाऊक नाही आणि जिची छाती भाता झाली आहे तिला ते तोंडपाठ आहे, याची लाज.

मास्तरांचा धंदा कवळ्या करण्याचा. राहायचे चौथ्या मजल्यावर, कारखाना त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं आणि दातांनी भरलेले चाळीस खण. लिफ्ट नव्हती. लिफ्टसाठी सोडलेली जागा होती, तिथं सायकली असत. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू मास्तरांच्या हातचं होतं. त्यांचे स्वतःचे दात मात्र अस्सल होते आणि धुरानं चहाच्या कपासारखे डागाळलेले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सिगारेट त्यांनी याआधी नऊ वेळा सोडली होती. सोडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा तर सकाळी सोडून दुपारच्या जेवणापर्यंत आणखी एकदा सोडली होती. त्यामुळे दहाव्यांदा सोडायची ठरवली तेव्हा घरी त्याची बातमी झाली नाही. काकू फक्त म्हणाल्या, "या वेळी कुणाला तरी विचारून सोडा."

विचारण्याची सोय सरकारी दवाखान्यात, खोली नंबर नऊमध्ये होती. तिथं तंबाखू सोडवणारी एक तरुण समुपदेशक बसायची. मास्तरांच्या मुलीच्या वयाची असावी. तिनं त्यांच्या सात सिगारेटी कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावल्या, त्या ते वाकून पुन्हा मोजत आहेत हे पाहिलं आणि डबा पायानं टेबलाखाली सरकवला.

"काका, तलफ आली की वाटतं, आता ही जाणारच नाही," ती म्हणाली. "पण जाते. एक सिगारेट ओढायला जेवढा वेळ लागतो ना, साधारण तेवढ्यात आपणहून ओसरते. तेवढा वेळ कुणीतरी जवळ हवं. दिवसभर तुमच्याजवळ कोण असतं?"

मास्तरांनी विचार केला. "दात."

"माणसांपैकी?"

"बायको. पण ती चौथ्या मजल्यावर असते. आणि तिला दम लागतो."

मुलीनं वहीत लिहिलं: बायको, चौथा मजला. मग एका चिठ्ठीवर स्वतःचा फोन नंबर लिहून दिला आणि दर बुधवारी यायला सांगितलं. मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांना पहिली तलफ दवाखान्याच्या दारातच आली. ती ओसरेपर्यंत ते तिथली लसीकरणाची सूचना चार वेळा वाचत उभे राहिले.

खरी पंचाईत कामावर झाली. ती खोली नंबर नऊला ठाऊक नव्हती, छातीच्या डॉक्टरांनाही नव्हती. कवळ्या करणाऱ्यालाच ठाऊक असावी अशी ती पंचाईत.

दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्याचा ठसा येतो. त्यात पाण्यात कालवलेलं प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की ठसा सोलून काढायचा, की हातात त्या माणसाचा जबडा येतो, पांढरा आणि गप्प. त्यावर मेण, मेणावर दात. पुढचा सगळा डोलारा त्या प्लास्टरवर. लवकर सोललं तर हिरड्यांच्या कडा मोडतात. उशीर केला तर ठसा आकसतो आणि माप वाकडं होतं. या दोहोंच्या मधला नेमका क्षण मास्तर तीस वर्षं सिगारेटीवर धरत आले होते. प्लास्टर ओतायचं, पेटवायची, सावकाश ओढायची, विझवायची, ठसा सोलायचा. त्यांना त्यांच्या उस्तादांनी असंच शिकवलं होतं आणि उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी. दोन्ही उस्ताद छातीच्या दुखण्यानं गेले, पण जबडे कधी चुकले नाहीत.

"मग घड्याळ लावा की," काकू म्हणाल्या. कारखान्याच्या भिंतीवर किल्लीचं घड्याळ होतं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, म्हणून ते भिंतीवर होतं.

"घड्याळाला हवा कळत नाही," मास्तर म्हणाले. "दमट दिवशी प्लास्टर उशिरा घट्ट होतं, आणि सिगारेटही दमट होऊन सावकाश जळते. दोघं बरोबर चालतात. घड्याळ आपलं तसंच चालतं."

तरी त्यांनी घड्याळ लावून पाहिलं. पहिल्याच आठवड्यात त्या घड्याळानं मोठ्या बाईंचा घात केला.

मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असेल त्यानं ते कुठं बोलून दाखवलं नव्हतं. मास्तरांनी केलेली नवी कवळी घालून त्या कारखान्यात आल्या. जबड्याचं माप हुकल्यामुळे कवळी पुढे आली होती आणि वरचा ओठ दोन्ही कडांनी उचलला गेला होता. बाई प्रसन्न हसत होत्या.

"मी अतिशय रागावलेली आहे," त्या म्हणाल्या.

"दिसत नाहीये," मास्तर म्हणाले. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता.

"तेच सांगायला आले. काल बँकेत एका माणसानं मला आपल्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. अर्धा तास. मी त्याला ओळखत नाही."

मास्तरांनी आढेवेढे न घेता सिगारेट सोडल्याचं सांगितलं, प्लास्टरचं सांगितलं, घड्याळाचं सांगितलं. बाईंनी हसतमुखानं ऐकून घेतलं. "ही सबब आहे," त्या म्हणाल्या. "पण बरी सबब आहे. मी थांबते. हवे तितके ठसे घ्या. मात्र सिगारेट ओढून केलेली कवळी मी तोंडात घालणार नाही. आणि ओढलीत तर मला कळेल. शाळेत मला नेहमी कळायचं."

त्या दिवशी संध्याकाळी मास्तरांनी हा किस्सा घरी सांगितला. काकू हसल्या, हसता हसता खोकल्या आणि खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून मी खाली येत जाईन. अकराला आणि चारला. थर्मासमधून चहा घेऊन."

"चार मजले? डोकं ठिकाणावर आहे का?"

"डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलंच आहे. आणि त्या मुलीनं काय सांगितलं? तेवढा वेळ कुणीतरी जवळ हवं. कोण आहे दुसरं? दात?"

"मध्येच जिन्यात चक्कर आली म्हणजे?"

यावर तोडगा निघाला. जिन्याचा लोखंडी कठडा तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकसलग होता. वर त्याच्यावर काही आपटलं की खाली कारखान्याच्या दारात ऐकू येई. काकू चहा देऊन वर गेल्या की दाराशी पोचल्यावर किल्लीनं कठड्यावर तीन टोले द्यायच्या. टोले आले की मास्तरांनी निर्धास्त व्हायचं. नाही आले तर धावायचं.

काकू उतरायच्या पाच मिनिटांत. चढायला मात्र प्रत्येक मजल्यावर थांबत. मास्तर कान देऊन बसत. पहिल्या मजल्यावरचा खोकला, दुसऱ्यावरचा थांबा, तिसऱ्यावरचा लांब थांबा, आणि मग एकदाचे तीन टोले. तेवढा वेळ त्यांना सिगारेटीची आठवण होत नसे. काळजीनं माणसाचं तोंड आपोआप बंद राहतं. आणि नुसतं ऐकत बसण्यापेक्षा हाताला काम हवं म्हणून ते त्याच वेळी प्लास्टर ओतत. आठवडाभरात त्यांच्या लक्षात आलं की टोले पडतात आणि प्लास्टर तयार असतं. लवकर नाही, उशिरा नाही. एका दमट दिवशी काकूंना जास्त दम लागला, टोले उशिरा आले, प्लास्टरही उशिरा घट्ट झालं. जबडा असा निघाला की त्यावर हिरडीची रेघन्‌रेघ दिसत होती.

ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नाही. तुझ्या दम लागण्यावर माझा धंदा नीट चालतोय, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

एकोणिसाव्या दिवशी घोटाळा झाला. दाढांच्या खणात, खालच्या डाव्या दाढांच्या मागे, मास्तरांनी एक सिगारेट ठेवलेली होती. अडीअडचणीला म्हणून. त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांनी फोनवर मोठ्या बाईंच्या कवळीवरून अर्धा तास झापलं. मास्तरांनी फोन ठेवला. काकू चहा देऊन नुकत्याच जिना चढू लागल्या होत्या. मास्तरांनी प्लास्टर ओतलं, खण उघडला, आणि दाराकडे पाठ करून पेटवली.

चव वाईट लागली. तरी त्यांनी ती शेवटपर्यंत ओढली, पान वाढल्यावर माणूस उठत नाही तशी. थोटूक विझवून वळले तर टेबलावरचं थर्मासचं झाकण नव्हतं. मघाशी होतं. काकू विसरून गेल्या होत्या, त्यासाठी परत आल्या होत्या आणि घेऊन गेल्या होत्या.

टोले आले नाहीत. प्लास्टर हाताला गरम लागलं, मग गार झालं. ठसा आकसून कडेनं सुटू लागला. मास्तर जिन्याकडे धावले.

काकू दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर थर्मास, थर्मासवर झाकण. श्वास घेताना त्यांचे खांदे वर जात होते.

मास्तर शेजारी बसले.

"संपली?" काकूंनी विचारलं.

"संपली."

"माझे अजून दोन मजले आहेत," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. रागाला लागतो तेवढा दम नव्हता.

कवळीमास्तरांना आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि तिथंच पायरीवर बसून खोली नंबर नऊला फोन लावला. "मी कवळीवाला," ते म्हणाले. "ओढली. एक. सगळं मुसळ केरात गेलं."

"किती दिवस झाले होते, काका?" मुलीनं विचारलं.

"एकोणीस."

"मग एकोणीस झाले. ते कुठं जात नाहीत. उद्या विसावा दिवस धरा. घरात, कारखान्यात अजून एखादी आहे?"

"नाही. तीच होती."

"खणात?" काकूंनी शेजारून विचारलं. "डाव्या दाढांच्या? मला वाटलं होतं, ती तुम्ही विसरलात."

मास्तरांनी बायकोचा हात धरला आणि दोघं उरलेले दोन मजले एकेक पायरी करत चढली. दाराशी पोचल्यावर काकूंनी पदराच्या गाठीतून किल्ली काढली आणि कठड्यावर तीन टोले दिले. खाली ऐकायला कोणी नव्हतं. तरी दिले.

दुसऱ्या दिवशी अकराला त्या पुन्हा चहा घेऊन खाली आल्या. मास्तरांनी चाळीसच्या चाळीस खण उघडून टेबलावर मांडून ठेवले होते. काकूंनी एकाही खणात डोकावलं नाही. "बशी कुठं ठेवू?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि मास्तरांनी खण बंद केले.

दोन महिन्यांनी मोठ्या बाई नवी कवळी न्यायला आल्या. मास्तरांनी ती देण्याआधी सांगून टाकलं, "मध्ये एक ओढली होती."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"काकूंनी सांगितलं. आम्ही दवाखान्याच्या रांगेत भेटलो."

"ही कवळी त्यानंतरची आहे."

बाईंनी कवळी घातली, आरशात पाहिलं. चेहरा पूर्वीसारखा झाला होता. खोलीतल्या दातांनीही हाताची घडी घालावी असा. "उत्तम," त्या म्हणाल्या आणि जायला निघाल्या. दारातून परत आल्या. "ती पहिलीही कागदात बांधून द्या. बँकेत जाताना बरी पडते."

महिने गेले. बुधवार गेले. मास्तरांना तलफ येई, पण पूर्वी ती पाहुणी म्हणून येऊन मुक्काम ठोकायची, आता दारातून विचारपूस करून जात होती. काकू अकराला येत, चारला येत, वर जात, टोले देत. सहाव्या महिन्यात मात्र प्लास्टर बिघडायला लागलं.

आधी थोडं कच्चं राहिलं. मास्तरांनी नव्या गोणीला दोष दिला. दोन दिवसांनी एका जबड्याची कड मोडली. त्यांनी दुकानदाराला फोन करून मालात भेसळ आहे असं सुनावलं. दुकानदारानं गोणी बदलून दिली. त्यातलंही कच्चं राहिलं. मग त्यांनी हवेला दोष दिला, पण हवा कोरडी होती. मग पाण्याला दिला, आणि इमारतीच्या टाकीवर चढून पाहून आले.

त्या दिवशी अकराचा चहा झाला. काकू वर निघाल्या. मास्तरांनी पाणी मोजून घेतलं, पावडर मोजून घेतली, बुडबुडा राहू नये म्हणून ठसा टेबलावर ठोकत ठोकत प्लास्टर ओतलं. टोले पडले. त्यांनी ठसा सोलला आणि समोरची अख्खी हिरडी भिजलेल्या कणकेसारखी ठशाबरोबर निघून आली.

मास्तर हातातल्या जबड्याकडे बघत राहिले. पाणी बरोबर. पावडर बरोबर. हवा कोरडी. बराच वेळ गेल्यावर ते हातातलं तसंच टाकून जिन्याशी गेले.

"अगं, पोचलीस का?"

वरच्या कठड्यावरून काकूंचं तोंड दिसलं. "म्हणजे? टोले दिले ना."

"कुठं थांबली होतीस?"

"तिसऱ्यावर. किल्ली काढायला."

"आणि दम खायला?"

काकू आठवत होत्या. त्यांनी खाली जिन्याकडे पाहिलं, एकेक मजला मोजल्यासारखं. "अहो," त्या म्हणाल्या, "नाही थांबले."

मास्तर पहिल्या पायरीवर बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण दोन्ही हातांना ओलं प्लास्टर असल्यामुळे पुसता येईना. मग त्यांनी ते तसंच वाहू दिलं. वरून काकू विचारत होत्या, काय झालं, काही बिघडलं का.

"बिघडलं," ते म्हणाले. "सांगतो. आधी फोन करतो."

दातांच्या डॉक्टरांनी फोन उचलला. "आजचा जबडा मोडला," मास्तर म्हणाले. "पेशंटला पुन्हा ठशासाठी बोलवावं लागेल."

"पुन्हा?" डॉक्टर म्हणाले. "काय मास्तर, परत सुरू केलीत की काय?"

"नाही हो. बायको लवकर पोचली."

डॉक्टरांना काही समजलं नाही, आणि मास्तरांनी समजावून सांगितलं नाही. त्यांनी हात धुतले, स्टूल ओढलं, त्यावर चढून सासऱ्यांचं घड्याळ पुसलं आणि त्याला किल्ली दिली.